न्याहारीचे पथ्य : कागदावरचे आणि ताटातले

व्यवस्थापत्रकावर औषधाचे नाव, मात्रा, काल व अनुपान आपण काळजीपूर्वक लिहितो. त्याच कागदाच्या तळाशी पथ्यापथ्याच्या दोन ओळी येतात आणि त्यांत बहुधा निषेधच असतो : आंबट वर्ज्य, तळलेले वर्ज्य, बेकरीचे पदार्थ वर्ज्य, शिळे वर्ज्य. रुग्ण तो कागद घेऊन घरी जातो. दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसहाला मुलाची शाळेची गाडी असते, सातला नळाचे पाणी जाते, साडेसातला नोकरीवर निघायचे असते. त्या घाईत काय खावे, हे आपल्या कागदावर लिहिलेले नसते. परिणामी चहा आणि खारी, चहा आणि बिस्किट, अथवा दुधात कालवलेली डब्यातील पूड हीच न्याहारी ठरते. औषध आयुर्वेदाचे आणि सकाळचा पहिला घास मात्र बेकरीचा, अशी ही विसंगती आहे.

आमच्या चिकित्सालयात अम्लपित्ताच्या एका रुग्णेने आम्हांस विचारले होते, “डॉक्टर, तुमचं सगळं पटतं. पण सकाळी सहाच्या आत हे करणार कोण?” हा प्रश्न पथ्याच्या मुळाशी जाणारा आहे. ज्या घरात पती-पत्नी दोघेही अर्थार्जन करतात, तेथे पथ्याचा भार बहुधा एकाच व्यक्तीवर पडतो आणि तिच्या पहाटेच्या झोपेतून वजा होतो. असे पथ्य आठ दिवस चालते, नवव्या दिवशी सुटते. म्हणून प्रस्तुत लेखात आम्ही एवढेच प्रतिपादन करू इच्छितो, की न्याहारीचे पथ्य औषधाप्रमाणे विधिरूपाने लिहावे, ते सकाळी पंधरा-वीस मिनिटांत होणारे असावे आणि त्यातील वेळखाऊ संस्कार आधीच उरकलेला असावा. ही कल्पना नवी नाही. आपल्या घरांतील भाजणी, मेतकूट आणि सातू याच विचारातून उभे राहिले आहेत.

न्याहारीचे शास्त्रीय स्थान

आपल्या संहितांतील आहारकालाचा विचार मुख्यतः दोन भोजनांचा आहे. आज ज्या अर्थाने ‘नाश्ता’ हा शब्द वापरला जातो, त्या अर्थाने उठल्याबरोबर घ्यावयाचा तिसरा आहार सर्वांना अनिवार्य म्हणून सांगितलेला नाही. भावप्रकाशाने एका यामाच्या आत, म्हणजे तीन तासांत, पुन्हा खाऊ नये आणि दोन याम, म्हणजे सहा तास, उपाशी राहू नये असा दंडक घातला आहे. चरकसंहितेच्या ग्रहणीचिकित्सेत याहून महत्त्वाचा भेद सांगितला आहे. सकाळचे अन्न पूर्ण पचले नसताना सायंकाळी जेवले तरी फारसा दोष होत नाही, परंतु रात्रीचे अन्न अजीर्ण असताना सकाळी घेतलेला आहार दोषकर होतो. दिवसा स्रोतसे विकसित असतात, रात्री ती संकुचित होतात, ही त्यामागील उपपत्ती.

या भेदाकडे आजच्या दिनक्रमातून पाहावे. पूर्वी शेतकऱ्याची न्याहारी पहाटेपासून तीन-चार तास राबल्यानंतर, नऊ-दहाच्या सुमारास बांधावर होत असे. गोमंतकात आणि दक्षिण कोकणात उकड्या तांदळाची पेज दहा-अकराच्या सुमारास घेण्याची रीत याच स्वरूपाची. आधी व्यायाम, मग क्षुधा, मग आहार असा तो क्रम होता. आज रात्रीचे जेवण दहाला होते आणि न्याहारी सकाळी सातला, शरीराची पुरती हालचालही होण्यापूर्वी. त्यामुळे न्याहारीची चिकित्सा वस्तुतः आदल्या रात्रीच्या ताटापासून सुरू होते. रात्रीचे जेवण आठच्या आत आणि लघु ठेवा, हे वाक्य न्याहारीच्या पथ्यात पहिले असावे.

प्रौढ, निरोगी व्यक्तीस सकाळी उद्गारशुद्धी, उत्साह, यथोचित वेगोत्सर्ग, लघुता आणि भूक ही जीर्णाहाराची लक्षणे दिसत नसतील, तर तिने केवळ कोष्ण जल घेऊन निघावे आणि न्याहारी डब्यात न्यावी. मुलांची गोष्ट वेगळी. त्यांचा देह वर्धमान असतो आणि त्यांना फार काळ उपाशी ठेवणे इष्ट नाही. महाराष्ट्र शासनाने फेब्रुवारी २०२४ मध्ये चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊपूर्वी भरवू नयेत असा निर्णय घेतला, त्यामागे लहान मुलांच्या अपुऱ्या झोपेचा विचार होता. झोप अपुरी राहिली की सकाळी अन्नावर वासना राहत नाही, हे आपण नित्य पाहतो. पाचवीनंतरची मुले पुष्कळ ठिकाणी अजूनही सकाळच्या सत्रात जातात. त्यांच्यासाठी घरून निघताना थोडा उष्ण, द्रवप्राय आहार आणि मधल्या सुटीत घन आहार अशी विभागणी सोयीची ठरते.

एकच साळ, तीन गुण

चरकांनी विमानस्थानात सांगितलेल्या आठ आहारविधिविशेषायतनांपैकी ‘करण’ हे न्याहारीच्या दृष्टीने सर्वांत उपयोगी आहे. महाराष्ट्राच्या घरोघरी होणारे पोहे हे त्याचे उत्तम उदाहरण. भिजवलेली साळ भाजून, ओलसर असतानाच कांडून चपटी केली की पृथुक, म्हणजे पोहे होतात. तीच साळ तापलेल्या वाळूत फोडली की लाजा, म्हणजे लाह्या होतात. तिचाच तांदूळ भाजून शिजवला की भृष्टतण्डुलाचा ओदन होतो. द्रव्य एकच, परंतु पृथुक गुरू, लाजा लघू आणि भाजलेल्या तांदळाचा भात कफविकारांतही चालणारा.

मात्राशितीय अध्यायात पिष्टमय पदार्थ व पोहे यांविषयी स्पष्ट मार्गदर्शन आहे. जेवणानंतर ते कधीही खाऊ नयेत आणि भूक असतानाही मात्रेतच खावेत. पोहे वर्ज्य करा असे आम्ही येथे म्हणत नाही. ‘पोहे हलके असतात’ या समजुतीने रोज ताटलीभर पोहे खाऊन बैठे काम करणाऱ्या रुग्णास ही मर्यादा सांगणे आपले काम आहे. मंदाग्नी, आध्मान किंवा आमवात असणाऱ्यास पोह्यांऐवजी साळीच्या अथवा ज्वारीच्या लाह्यांचा चिवडा सांगावा. थोडे तूप, जिरे, हिंग, हळद, कढीलिंब, चवीपुरते सैंधव, की पाच मिनिटांत न्याहारी तयार. अंगणातून स्वयंपाकघरात जावे इतका सोपा हा बदल आहे.

वेळ कोठून आणावा?

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. धान्य निवडणे, धुणे, वाळवणे, भाजणे, दळणे या क्रिया वेळखाऊ आहेत. शिजवणे त्यामानाने थोडक्यात होते. आपल्या आज्या-पणज्यांनी या दोन भागांची फारकत केली होती. भाजणी वर्षातून चार-सहा वेळा होई, मेतकूट होई, उन्हाळ्यात सातूचे पीठ होई. सकाळी फक्त पाणी, दूध किंवा ताक घालायचे आणि विस्तवाशी थोडा वेळ उभे राहायचे. भर्जन हा अग्निसंस्कार धान्याला लघुत्व देतो आणि सकाळची वीस-पंचवीस मिनिटेही वाचवतो. शास्त्र आणि सोय यांचा असा मेळ क्वचितच सापडतो. बाजारात आज ‘झटपट’ म्हणून जे विकले जाते, त्याची घरगुती आवृत्ती आपल्याकडे पूर्वीपासून फडताळात होती.

म्हणून आम्ही रुग्णांस असे सुचवतो, की तीन आठवड्यांतून एका रविवारी दीड-दोन तास भर्जनासाठी काढावेत. मंद आचेवर धान्य परतणे हे घरातील कोणालाही जमणारे काम आहे. ते पतीने करावे, मोठ्या मुलांनी करावे, वयस्क मंडळींनी खुर्चीवर बसून करावे. व्यवस्थापत्रकावर ‘भाजणी घरातील सर्वांनी मिळून करावी’ एवढे एक वाक्य वैद्याच्या हस्ताक्षरात असले, तर त्याला घरात निराळे वजन येते.

लिहून देण्याजोग्या सहा न्याहाऱ्या

पुढील प्रमाणे चार माणसांच्या कुटुंबासाठी स्थूलमानाने दिली आहेत. प्रकृती, ऋतू व सात्म्य पाहून त्यांत फेरफार करावा.

१. कणीची पेज. दोन वाट्या तांदूळ धुऊन, सावलीत वाळवून, मंद आचेवर तांबूस भाजावा. एक वाटी मूगडाळ निराळी भाजावी. दोन्ही जाडसर भरडून त्यांत दोन चमचे जिरेपूड व एक चमचा सुंठ मिसळून बरणीत ठेवावे. सकाळी एक वाटी भरड सहा वाट्या पाण्यात शिजवली असता पातळ यवागू, चार वाट्यांत शिजवली असता दाट विलेपी होते. अनुक्रमे सहापट व चौपट जलाचे हे शास्त्रोक्त प्रमाण लक्षात ठेवण्यास सोपे आहे. पंधरा मिनिटे पुरतात. वरून सैंधव आणि तूप. ज्वरमुक्त, मंदाग्नी, वृद्ध आणि लहान मुले या सर्वांना चालणारी ही न्याहारी आहे.

२. मुगाचे धिरडे. दोन वाट्या सालीचे मूग रात्री भिजवावेत. सकाळी आले, जिरे, हिंग घालून वाटावेत आणि तव्यावर थोड्या तेलातुपात धिरडी घालावीत. शिंबीधान्यांत मुगास श्रेष्ठत्व दिलेले आहे आणि नित्यसेवनीय द्रव्यांतही त्याची गणना आहे. मेदस्वी व प्रमेही रुग्णांस विशेष उपयुक्त.

३. थालीपीठ. ज्वारी दोन वाट्या, बाजरी एक, तांदूळ एक, हरभराडाळ एक, उडीदडाळ अर्धी, गहू अर्धी, धणे अर्धी वाटी व जिरे दोन चमचे, सर्व वेगवेगळे भाजून एकत्र दळावे. उडीद, हरभरा आणि पिष्ट यांमुळे हा पदार्थ गुरू आहे. तो श्रम करणाऱ्यांना, दीप्ताग्नीला आणि हेमंत-शिशिरात द्यावा, एकापुरता मर्यादित ठेवावा. सोबत दह्याऐवजी ताजे लोणी द्यावे.

४. सातू. दोन वाट्या गहू किंचित ओलवून, कांडून, टरफल पाखडून खमंग भाजावेत. त्यांत एक वाटी डाळे, जिरे व सुंठ घालून दळावे. सकाळी दुधात किंवा पाण्यात गूळ घालून कालवावे. शिजवण्याची गरज नाही, म्हणून परगावी नोकरी करणाऱ्या व खोलीवर राहणाऱ्या तरुणांसाठी ही सर्वांत सोयीची न्याहारी. सक्तूंविषयी शास्त्राचे निर्बंध रुग्णास अवश्य सांगावेत : ते रात्री खाऊ नयेत, जेवणावर खाऊ नयेत, कोरडे चावून खाऊ नयेत, फार प्रमाणात खाऊ नयेत. प्रमेहात गव्हाऐवजी जव घ्यावेत, गूळ वगळावा आणि ताकात कालवावे.

५. नाचणीची आंबील. चार मोठे चमचे नाचणीचे पीठ रात्री पाण्यात कालवून ठेवावे. सकाळी चार वाट्या पाण्यात दहा मिनिटे ढवळत शिजवावे. कोमट झाल्यावर ताजे ताक, जिरे व सैंधव घालावे. अम्लपित्त असेल तर आंबवणे आणि ताक दोन्ही टाळावे. ताजे पीठ दुधात शिजवून खडीसाखर घालावी आणि त्यात मीठ मुळीच घालू नये. संयुक्त राष्ट्रांनी २०२३ हे वर्ष भरडधान्यांचे आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून पाळले, तेव्हा शहरांत नाचणीची पुन्हा चौकशी होऊ लागली. कोकणात आणि सह्याद्रीच्या उतारांवर ती कधी विसरली गेली नव्हती.

६. मेतकूट-भात. आसट भात, मेतकूट, साजूक तूप. ज्या मुलास सकाळी अन्न नकोसे होते, तेही पाच-सहा घास आवडीने खाते. मेतकुटातील जिरे, धणे, हिंग, सुंठ, हळद ही दीपन-पाचन द्रव्ये आहेत. एका चमच्यात अर्धे औषधालय आहे असे म्हटले तरी चालेल.

सहा दिवसांच्या या सहा न्याहाऱ्या झाल्या. सातव्या दिवशी घरातील मंडळींना जे आवडते ते करू द्यावे, कांदेपोहेसुद्धा. आठवड्यातून एक दिवस मोकळा असला म्हणजे उरलेले सहा दिवस पाळले जातात.

संयोगाचा विचार

न्याहारीतील पदार्थ निर्दोष असूनही संयोग दोषयुक्त असू शकतो. खारट उपमा आणि त्यावर लगेच पेलाभर दूध हा मुलांच्या न्याहारीतील अत्यंत रूढ प्रकार. विमानस्थानात लवणाच्या अतिसेवनाचे दोष सांगताना दुधाबरोबरही मीठ खाणाऱ्या बाह्लीक, सौराष्ट्र, सिंधु व सौवीर या देशांतील लोकांचे उदाहरण दिले आहे, हे वैद्यबंधूंस स्मरत असेल. दूध द्यावयाचे असल्यास ते गोड न्याहारीबरोबर द्यावे, अथवा सर्वस्वी वेगळ्या वेळी द्यावे.

केळी व दूध यांचा संयोग सुश्रुतांनी विरुद्धात गणला आहे. आपल्याकडील शिकरण हे त्याचेच घरगुती रूप. ज्यांना ते बालपणापासून सात्म्य आहे आणि ज्यांचा अग्नी उत्तम आहे, त्यांना क्वचित खाल्ल्याने बाधत नाही, कारण सात्म्य, अल्पत्व व दीप्ताग्नी हे विरुद्धाचा प्रभाव कमी करतात असेही शास्त्र सांगते. मात्र त्वग्विकार, प्रतिश्याय व श्वास यांच्या रुग्णांत हा संयोग आवर्जून विचारावा आणि थांबवावा. न्याहारीचा इतिहास घेताना ‘काय खाता?’ एवढ्यावर थांबू नये. ‘कशाबरोबर खाता?’ हेही विचारावे.

येथे एक सावधानता

‘भूक असेल तरच खा’ हा नियम मधुमेहाच्या सर्व रुग्णांस सरसकट सांगता येत नाही. इन्सुलिन घेणारे, तसेच स्वादुपिंडातून इन्सुलिनचा स्राव वाढवणाऱ्या गोळ्या घेणारे रुग्ण न्याहारी चुकवतील, तर रक्तशर्करा एकाएकी घसरून घाम, कंप, भ्रम आणि प्रसंगी मूर्च्छा येऊ शकते. अशा रुग्णांस न्याहारीची वेळ निश्चित करून द्यावी आणि आहारात मोठा बदल करण्यापूर्वी त्यांच्या औषधांची मात्रा ठरवणाऱ्या चिकित्सकाशी विचारविनिमय करावा. लंघनाचा उपदेश करण्यापूर्वी रुग्णाच्या पिशवीतील सर्व औषधे पाहणे, हा आपल्या परीक्षणाचाच भाग समजावा. गर्भिणी, क्षीण रुग्ण व लहान मुले यांनाही रिकाम्या पोटी दीर्घकाळ ठेवू नये.

औषधालयांची भूमिका

या कामात औषधविक्रेत्या बंधूंचा वाटा मोठा आहे. ज्यांच्या घरी भाजण्यास कोणीच नाही, त्यांना शुद्ध भाजणी, मेतकूट, सातू आणि साळीच्या लाह्या विश्वासाने कोठे मिळाव्यात? आपल्या दुकानातील एक फळी यासाठी ठेवता येईल. त्याबाबत तीन गोष्टींची दक्षता घ्यावी.

पहिली, ताजेपणा. शार्ङ्गधरांनी चूर्णाचे वीर्य दोन महिन्यांनंतर हीन होते असे सांगितले आहे. पिठांच्या बाबतीत तर त्याहूनही कमी काळ धरावा. पावसाळ्यात भाजणीला ओल व खवट वास लवकर येतो. म्हणून पाव-अर्धा किलोच्या लहान पिशव्या ठेवाव्यात आणि प्रत्येकीवर दळल्याचा दिनांक ठळक असावा.

दुसरी, कायदा. खाद्यपदार्थाच्या विक्रीसाठी अन्न सुरक्षा कायद्यान्वये नोंदणी अथवा परवाना लागतो. औषधाचा परवाना त्यासाठी पुरत नाही. ग्रंथोक्त कृतींवर आधारलेल्या ‘आयुर्वेद आहारा’साठी २०२२ मध्ये स्वतंत्र विनियम लागू झाले आहेत, ते उत्पादक बंधूंनी मुळातून वाचावेत. पिठाच्या पिशवीवर ‘मधुमेह बरा करते’ यासारखे वाक्य छापणे नियमबाह्य तर आहेच, शिवाय शास्त्राची प्रतिष्ठाही कमी करणारे आहे.

तिसरी, निवड. भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने एप्रिल २०२४ मध्ये ऑनलाइन विक्रेत्यांना धान्य, माल्ट व दूध यांवर आधारित पेये ‘आरोग्य पेय’ या सदराखाली विकू नयेत असे कळवले, कारण अशी संज्ञा अन्न कायद्यात नाही. आपल्या काउंटरवर अशा पुडींचे डबे असतातच. आई मुलासाठी डबा मागते, तेव्हा त्यातील साखरेचे प्रमाण वाचून दाखवावे आणि शेजारी सातूची पिशवी ठेवावी. निवड तिची तिने करावी.

समारोप

काश्यपांनी आहारास महाभैषज्य म्हटले आहे. हे महाभैषज्य लिहून देताना आपण मात्रा, काल आणि कृती यांचा उल्लेख टाळावा, हे सयुक्तिक नाही. ‘हलका नाश्ता करा’ असे न लिहिता ‘सकाळी साडेसात, कणीची पेज, एक वाटी भरडीस सहा वाट्या पाणी, तूप एक चमचा, सोबत दूध नको’ असे लिहावे. पुढील भेटीत औषध घेतले का, हे विचारतो त्याच क्रमाने पेज झाली का, कोणी केली, किती दिवस जमली, हेही विचारावे. जमले नसेल तर रुग्णास बोल लावण्यापूर्वी कृती आणखी सोपी करून द्यावी.

येत्या त्रैमासिकात सभासदांनी आपापल्या भागातील न्याहारीच्या अशा कृती, त्यांची प्रमाणे आणि कोणत्या अवस्थेत त्यांचा उपयोग झाला, हे संक्षेपाने कळवावे अशी विनंती आहे. खानदेश, वऱ्हाड, मराठवाडा, कोकण व गोमंतक येथील पाच-पन्नास कृती जरी एकत्र आल्या, तरी प्रत्येक चिकित्सालयाच्या मेजावर ठेवता येईल अशी एक छोटी पथ्यपुस्तिका सहज सिद्ध होईल. रुग्णाच्या ताटापर्यंत पोहोचण्याचा तो सर्वांत जवळचा मार्ग आहे, असे आमचे नम्र मत आहे.